खबर खोटी

मे महिन्यात गोंदियात स्वेटर घालून काम करणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या गोदामामागे, एक बिनखिडकीची खोली आहे. तिच्यातला एसी मी इथे आल्यापासून एकदाही बंद झालेला नाही. बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली असतात, भर दुपारी गावात कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं. मी कुडव्याहून तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडीवर येतो, दारात दुपट्टा सोडतो आणि स्वेटर चढवतो. आत दोन लोखंडी कपाटं, कपाटांत सर्व्हर, आणि सर्व्हरवर डेटाबेस. या हॉस्पिटलात आणि त्याच्या तिरोडा-सौंदडच्या लहान केंद्रांत आजवर जो कोणी आला, त्या प्रत्येकाची तिथे एक ओळ आहे.

त्या ओळी मी लिहीत नाही. डॉक्टर लिहितात, सिस्टर लिहितात, काउंटरवरच्या मुली लिहितात. मी त्या राखतो. जागा संपत आली की वाढवतो, कुठे अडलं की मोकळं करतो. कोणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, याच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.

शाळा मी नववीत सोडली. माझं गाव कोल्हापूरच्या खाली, कर्नाटकच्या हद्दीला लागून. इंग्रजीत नापास झालो आणि लाजेने परत गेलोच नाही. मग तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, मग एका कंत्राटदाराकडे केबल ओढायला. कोल्हापुरातून सुटणारी गाडी जिथे संपते, ते स्टेशन गोंदिया. त्या गाडीत एक दिवस, एक रात्र आणि वर थोडं बसून मी दोन महिन्यांच्या कामासाठी इथे उतरलो. त्याला नऊ वर्षं झाली.

मला ठेवून घेतलं ते गुरुजींनी. हा डेटाबेस त्यांनी उभा केला, पंचवीस वर्षं सांभाळला. मी भिंतीतून केबल काढताना त्यांच्या मागे उभा राहून स्क्रीन वाचत होतो, ते त्यांनी पाहिलं. नाव कधी विचारलं असेल, पण वापरलं नाही.

"का रे कोल्हापूर, समजते का तुले हे?"

"थोडं थोडं."

"थोडं समजणाराच पाहिजे. पुरं समजणारे लय पाहिले."

त्यांनी मला तीन वर्षं शिकवलं, आणि निवृत्त होताना साहेबांना सांगितलं की माझ्या जागी हाच बसेल. साहेबांनी प्रमाणपत्र मागितलं. गुरुजी म्हणाले, माझ्याकडे तरी कुठे आहे. तेवढ्यावर माझी नोकरी उभी आहे. आजही नवा मॅनेजर आला आणि "क्वालिफिकेशन?" म्हणाला की मी गुरुजींचं नाव सांगतो.

गुरुजींच्या घराण्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गावतलाव बांधणारे. पहिला धडा त्यांनी त्यातूनच दिला, तलावाच्या पाळीचा, म्हणजे बांधाचा. "कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी जाईल थे पंच ठरवतेत. आपण पाळीवरचा माणूस. पाळ पाहायची, भगदाड पडलं तं बुजवायचं. पाण्यात हात घालायचा नाही." म्हणजे किल्ली माझ्याकडे असली तरी ओळीला मी हात लावायचा नाही.

दुसरा धडा बॅकअपचा. रोज सगळ्या डेटाबेसची एक प्रत निघते. ती नुसती ठेवून चालत नाही, ती उघडते का हे बघावं लागतं. म्हणून दर मंगळवारी मी एक जुनी प्रत बाजूच्या मोकळ्या मशिनवर उठवतो. वीसेक मिनिटांत तिथे एक पूर्ण हॉस्पिटल उभं राहतं, पण ते तीन दिवसांपूर्वीचं असतं. डाव्या स्क्रीनवर आज, उजव्या स्क्रीनवर शनिवार. डावीकडे जो माणूस गेलेला असतो, तो उजवीकडे असतो. त्याला ताप असतो, सोमवारची तपासणी ठरलेली असते, त्याच्या जेवणात मीठ कमी लिहिलेलं असतं. त्याला अजून माहीत नसतं. मी एक दोन ओळी उघडून बघतो, सही करतो आणि ते हॉस्पिटल पुसून टाकतो. नऊ वर्षं झाली तरी पुसताना बटणावरचं बोट थोडं थांबतं.

ते काम झालं की उगाच जिवंत माणसं बघायला मी डायलिसिसच्या हॉलमधून एक चक्कर मारायचो. तिथेच सौंदडच्या बाबाजींची ओळख झाली. सत्तरीचे असतील, ठेक्याने धानाची जमीन करायचे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने सौंदडहून यायचे आणि अकरा वाजता खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. माझा स्वेटर त्यांच्या थट्टेचा विषय होता.

"आला का गा बर्फातला माणूस."

"आलो बाबाजी. कसं आहे?"

"कसं राहते? रगत धुऊन राहिलो. तुमच्याकडे उसाचा रस काढतेत ना, तसंच आहे हे, फक्त चिपाडात रस परत टाकतेत."

माझे वडील बोलायचे ते असंच. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी इथेच होतो. गाडीत बसलो तेव्हा ते होते, उतरलो तेव्हा नव्हते.

आमच्याकडे डायलिसिसच्या दहा खुर्च्या आहेत. खुर्चीसाठी प्रतीक्षा यादी असते. यादी पुढे कधी सरकते, हे तिथे कोणी बोलत नाही. खुर्ची सोडून कोणी बरा होऊन जात नाही.

त्या रविवारी मी खोलीत एकटाच होतो. रविवारी दुपारी रिसेप्शनवर कोणी नसलं की फोन माझ्याकडे वळतो. पलीकडे एक म्हातारी बाई होती. नवऱ्याच्या कार्डाचा नंबर तिने आकडा आकडा करून सांगितला आणि म्हणाली, "थे मेले, बाबू."

मी नंबर टाकला. स्क्रीनवर सौंदडचे बाबाजी आले.

"कधी?" मी विचारलं.

"सकाळी. मेले म्हणून सांगतो. लिहून घे." आणि फोन बंद झाला.

हे लिहिणं माझं काम नव्हतं. रेकॉर्ड विभागातली बाई सोमवारी आली असती, तिने दाखला मागितला असता, डॉक्टरांची सही घेतली असती. पण माझे वडील गेल्यावर आठ महिने आमच्या घरी मेसेज येत होता की उद्या आपली तपासणी आहे, उपाशी पोटी यावे. आई तो मला फोनवर वाचून दाखवायची. सोमवारी सकाळी या बाईच्या हातात तसाच मेसेज पडेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी माझ्या किल्लीने मृत्यूच्या नोंदीचा तक्ता उघडला, बाबाजींची ओळ टाकली, आणि स्वेटरच्या बाहीत तोंड घालून बराच वेळ रडलो. बाबाजींसाठी की वडिलांसाठी, ते तेव्हाही कळलं नाही.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला डायलिसिसच्या सिस्टरचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

"दादा, जरा वर येता का? सौंदडचे बाबाजी आलेत."

"कोण आलंय?"

"तेच. कार्ड मशिनला लावलं तर नोंद बंद दाखवतंय. कारण मृत्यू दाखवतंय. आणि ते माझ्यासमोर बसलेत."

जिना चढताना मला माझेच पाय ऐकू येत होते. हॉलबाहेरच्या बाकावर बाबाजी बसले होते, पाय सुजलेले, शेजारी त्यांची बायको. त्यांनी मला नेहमीची हाक मारली नाही. खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. रविवारी दुपारचा आमचा मेसेज होता. आपल्या कुटुंबातील रुग्णाच्या निधनाबद्दल आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. डेटाबेसमध्ये घरचा म्हणून जो नंबर होता, तो त्यांचा स्वतःचाच होता.

"चौथी शिकलो मी," ते म्हणाले. "वाचता येते. वावराच्या धुऱ्यावर उभा होतो. माह्याच मोबाईलवर माही मौत आली."

मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. "आजी, तुम्हीच सांगितलंत ना?"

तिने पदर ओढला. "कावळा शिवला होता यांच्या डोक्याले. शनिवारी. बसला, केस ओढले आन गेला."

मग मला सगळं समजलं, कारण हे आमच्या गावातही आहे. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर तो मरणाचा निरोप मानतात. तो टाळायचा तर माणूस मेल्याची खोटी खबर नातेवाइकांना पाठवायची. कोणीतरी ती खरी मानून रडलं, की मरण झालं असं धरतात. मग दुसऱ्या दिवशी सांगायचं की खबर खोटी.

"पण हॉस्पिटलला कशाला फोन केलात?"

"मंग कोणाले लावू? भावाले लावला तं थो हसला. म्हणे, बाई, कावळा शिवला वाटते. पोरगी उचलत नाही. आजकाल कोणी रडत नाही, बाबू. म्हटलं, दवाखान्यात तं कोणी रडल." तिने बाबाजींच्या मोबाईलकडे बोट केलं. "सोमवारी याच्यावरून सांगाले फोन लावला तं आतली बाई बोलली, तुमची नोंद बंद झाली आहे. तेच ते, तेच ते. दहाखेप लावला."

ती आतली बाई म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज. बंद नोंदीचा फोन ओळखून तो पुढे जाऊ देत नाही. ती सोयही डेटाबेसमधूनच चालते.

बाबाजी बायकोकडे न बघता म्हणाले, "बुडीने मारलं मले."

"वाचवाले मारलं," ती म्हणाली.

एवढ्यात सिस्टरने मला बाजूला घेतलं. बाबाजींना आज खुर्ची मिळाली नाही तर शुक्रवारपर्यंत छातीत पाणी होईल, हे ती सांगत होती. मशीन ती चालवू शकत होती, पण फिल्टर आणि नळ्या स्टोअरमधून रुग्णाच्या नंबरावर, खुर्चीच्या वेळेलाच निघतात, आणि बंद नंबरावर काहीच निघत नाही. दुसरं म्हणजे खुर्ची आता रिकामी नव्हती. रविवारी मी ती ओळ टाकली त्याच क्षणी ट्रिगर चालला होता. ट्रिगर म्हणजे एक गोष्ट बदलली की तिच्यामागून आपोआप बदलणाऱ्या गोष्टींची साखळी. बाबाजींचं कार्ड बंद झालं, घरी मेसेज गेला, आणि खुर्ची यादीतल्या पहिल्या माणसाला दिली गेली. ती पहिली व्यक्ती तिरोड्याची एक बाई होती. ती पहाटेच निघून आली होती आणि हॉलच्या आत, खिडकीजवळच्या खुर्चीत, हात उघडा करून बसली होती.

"हिला तीन तासांवर उठवते," सिस्टर म्हणाली. "दोनला बाबाजींना घेते. संध्याकाळच्या पेशंटला थोडं थांबवते. पण दोनच्या आत यांची नोंद चालू पाहिजे, दादा."

मी खाली आलो. माझ्यासाठी हे दोन मिनिटांचं काम होतं. रुग्णांचा तक्ता उघडला, बाबाजींच्या ओळीत स्थितीच्या रकान्यात 'मृत' होतं, तिथे 'चालू' केलं. सिस्टरला फोन केला, ती म्हणाली, आलं. मी खुर्चीत मागे टेकलो. तिने स्टोअरला मागणी भरायला घेतली असेल, तेवढ्यात घड्याळात अकरा वाजले आणि तिचा परत फोन आला.

"दादा, गेले."

"कोण गेलं?"

"म्हणजे स्क्रीनवर. परत मृत दाखवतंय."

मी पाहिलं. होतं तसंच. मी पुन्हा 'चालू' केलं आणि त्या ओळीकडे बघत बसलो. खोलीत पंख्यांच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. साडेअकराला बाबाजी जिवंत होते. पावणेबाराला जिवंत होते. गोदामातला माणूस चहाचं विचारायला आला, मी नको म्हणालो. बाराला एक मिनिट कमी असताना मी बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरली होती. बारा वाजले आणि माझ्या डोळ्यांसमोर, कोणीही हात न लावता, 'चालू' हा शब्द गेला आणि 'मृत' आला.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. दर तासाला डेटाबेसमध्ये एक फेरा होतो. तो मृत्यूच्या नोंदीचा तक्ता वाचतो, आणि तिथे ज्याचं नाव आहे तो बाकी कुठे जिवंत राहिला असेल तर त्याला मृत करतो. मी परिणाम पुसत होतो, मूळ ओळ तिथेच होती. मूळ ओळ पुसायला गेलो तर परवानगी नाही असं आलं. त्या तक्त्यात ओळ घालता येते, काढता येत नाही. गुरुजींनी तो तसाच बांधला होता. पण ते बंधन उचलायची किल्लीही माझ्याच गळ्यात होती.

आणखी एक रस्ता होता, आणि तो माझ्या उजव्या हाताला होता. मंगळवार असल्यामुळे मी येताच शनिवारची प्रत बाजूच्या मशिनवर उठवायला लावली होती. ती तयार होती. तिच्यात बाबाजी होते, त्यांची खुर्ची होती, अकराची वेळ होती. ती प्रत खऱ्या डेटाबेसच्या जागी ठेवली की झालं. पण शनिवारनंतर वरच्या मजल्यावर दोन बाळं जन्मली होती. ती नाहीशी झाली असती. आमगावकडची एक बाई गेली होती. ती उठून बसली असती, आणि बुधवारी सकाळी तिच्या घरी उपाशी पोटी यावे असा मेसेज गेला असता. मी तो विचार करत होतो हे मला विचार करून झाल्यावर कळलं, आणि घाबरून मी गुरुजींना फोन लावला.

सगळं सांगितलं. माझ्या किल्लीने ओळ टाकली, हेही सांगितलं.

"कायले हात घातला रे पाण्यात?"

मी वडिलांच्या मेसेजचं सांगू लागलो, त्यांनी मध्येच तोडलं.

"कशाले हात लावू नको. येऊन राहिलो."

पाऊण वाजता ते आले. पंचेचाळीस डिग्रीत स्कूटरवरून, डोक्याला ओला दुपट्टा. त्यांना स्वेटर द्यायला गेलो, तो त्यांनी घेतला नाही. माझ्या खुर्चीत बसले, मृत्यूचा तक्ता उघडला आणि शेवटच्या ओळीकडे न जाता वर वर सरकवत राहिले. वर्षं मागे गेली. एका ओळीवर ते थांबले आणि त्यावर बोट ठेवलं.

"ही माही बायको. मीच टाकली ओळ. रेकॉर्डवाला सुटीवर होता."

मी वाकून ती ओळ वाचली.

"पुसाची किल्ली माह्याजवळ होती. याच खोलीत, याच खुर्चीत. पंधरा दिवस रोज उघडून पाहो. पुसली का मी?"

"नाही."

"मंग तू कसा पुसून राहिला?" ते म्हणाले. रागावून नाही. "एक खेप पुसली का मंग हा तक्ता राहत नाही, कोल्हापूर. मंग जो येईल थो म्हणल, माह्या माणसाले पुस."

"पण ते जिवंत आहेत, गुरुजी. वर बाकावर बसलेत."

"बसू दे. पुसाचं नाही. खाली लिहाचं."

त्यांनी काय केलं ते साधं होतं. तक्त्यात मृत्यूच्या कारणांची एक यादी आहे, त्यातूनच कारण निवडावं लागतं. त्या यादीच्या शेवटी त्यांनी एक नवीन कारण घातलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'खबर खोटी'. मग तासाच्या फेऱ्यात एक ओळ वाढवली, की एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील तर शेवटची बघायची, आणि शेवटचं कारण हे असेल तर माणूस जिवंत. पहिली नोंद राहील. कायमची राहील. तिच्या खाली दुसरी येईल.

"आता या ओळीत पाहणाऱ्याचं नाव लागते," ते म्हणाले. "कोण पाहून आला का थो जिवंत आहे?"

"मी पाहिलं ना सकाळी."

"सकाळी पाहिलं. आता पाहून ये. हात लावून ये."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी वर गेलो. बाबाजी बाकावर डोळे मिटून भिंतीला टेकले होते, ओठ कोरडे पडलेले. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो की हात द्या. त्यांनी डावा हात दिला. डायलिसिसवाल्यांच्या हातात सुईसाठी ऑपरेशन करून रक्तवाहिनी जोडलेली असते, हे मला माहीत होतं, पण तिला मी कधी हात लावला नव्हता. कोपराखाली दोरीसारखी फुगलेली शीर होती. तिच्यावर बोटं ठेवली आणि मी दचकून काढून घेतली. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, न थांबता, मुठीत धरलेल्या भुंग्यासारखं.

बाबाजींनी डोळे उघडले. "आहे का?"

"आहे."

त्यांची बायको पुढे वाकली. सकाळपासून तिला जे विचारायचं होतं ते तिने आता विचारलं. "बाबू, त्या दिवशी फोन तूच उचलला होता ना? मंग तू रडला का?"

मी बाबाजींकडे पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, पण कान इकडेच होता.

"रडलो," मी म्हणालो.

"खरं रडला?"

"खरं."

तिने एक लांब श्वास सोडला आणि पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली. "मंग झालं."

खाली जाऊन मी माझं नाव सांगितलं, गुरुजींनी ते लिहिलं आणि बाबाजींच्या ओळीत 'चालू' केलं. मग आम्ही दोघं दोन वाजायची वाट बघत बसलो. गुरुजींनी शेवटी स्वेटर अंगावर घेतला. दोन वाजले, फेरा आला आणि गेला. 'चालू' हा शब्द हलला नाही, वर बाबाजींना मशीन लागलं. गुरुजी उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि साहेबांना काय सांगायचं ते मी सांगतो म्हणाले. त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मला कोणी काही विचारलं नाही, याचं ऋण मी कोणत्या तक्त्यात लिहू ते मला अजून समजलेलं नाही.

तिरोड्याच्या बाईला तीन तासांवर उठवलं होतं. ती हाताला पट्टी दाबून जिन्याखाली माझ्या खोलीपाशी आली, कोणीतरी तिला पाठवलं होतं. तिच्या मोबाईलवर नवीन मेसेज आला होता आणि तिला वाचता येत नव्हतं. मी वाचला. आपली खुर्ची रद्द झाली आहे, प्रतीक्षा यादीत आपला क्रमांक एक आहे.

"एक म्हणजे पयला ना?"

"पहिला."

"मंग आता कधी?"

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला. खुर्ची कशी मोकळी होते, ते तिला माहीत असावं.

"मी कोणाच्या मरणाची वाट पाहून राहिली नाही, दादा," ती म्हणाली. "मेसेज आला तं आली." आणि बस गाठायला गेली.

त्यानंतर मला एक सवय लागली. सकाळी खोलीत आलो की आधी जागा, बॅकअप, काही न बघता मी मृत्यूचा तक्ता उघडायचो. नवीन ओळ असेल तर ती डायलिसिसच्या माणसाची आहे का ते बघायचो. नसली की वाईट वाटायचं. काही दिवसांनी मला लक्षात आलं की मी त्या ओळीची वाट बघतोय. मला नाव नको होतं, चेहरा नको होता, नुसती दहापैकी एक खुर्ची मोकळी व्हायला हवी होती. आठवडाभर मी तक्ता उघडणं बंद केलं. मग परत उघडू लागलो.

जून लागला. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायची घाई सुरू झाली होती. एका सोमवारी ओळ आली. डायलिसिस. खुर्ची तिरोड्याच्या बाईला गेली होती, मेसेजही गेला होता. मी नाव उघडलं नाही. वार बघितला नाही, खुर्चीचा नंबर बघितला नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. शनिवारची प्रत उठवली, सही केली, पुसली, आणि वर न जाता घरी आलो.

पुढच्या मंगळवारी मात्र जावं लागलं, हॉलमधलं कार्डाचं मशीन बिघडलं होतं. दारातून आधी खिडकीकडे पाहिलं. बाबाजी होते.

"मागच्या मंगळवारी काऊन नाही आला गा? मेलो समजला का?"

मी हसलो. त्यांच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत तिरोड्याची बाई बसली होती. तिने मला ओळखलं.

"लागला नंबर," ती म्हणाली.

"आधी इथं कोण होतं?" मी बाबाजींना विचारलं.

"दोन वर्षं होता थो माह्या बाजूले. चादर डोक्यावरून घेऊन झोपे. तू दर मंगळवारी त्याच्या पायाजवळ उभा राहूनच तं बोलत होता माह्याशी."

मी त्या खुर्चीच्या पायथ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभा होतो.